कारणाचा रकाना

प्लास्टरच्या खोलीत एकतीस वर्षं काढली.
बादलीत कोमट पाणी. पट्टी बुडवायची,
बुडबुडे थांबले की उचलायची, हलकेच पिळायची.
चार-पाच मिनिटांत तिचा दगड होतो.
तेवढ्यात माणूस बोलतं.

परळचं इस्पितळ. समोर गिरणी होती, आता काचेचा मनोरा.
तो चढत होता तेव्हा त्याच्यावरून पडलेलेही इथेच आले.
उंचावरून उभा पडला की टाचा फुटतात,
दोन्ही. मग मणका बघावा लागतो,
मग मुकादम बघावा लागतो, तो सापडत नाही.

केसपेपरवर एक रकाना असतो : कारण.
बोटभर जागा.

भाऊच्या धक्क्यावरची जनाबाई तांडेल म्हणते, बर्फानं झालं.
पहाटे तीनपासून कोळंबी सोलतेस गो बाय,
टोपलीगणिक हजारदा तोच अंगठा, तोच झटका,
बर्फ बिचारा काय करणार?
मशीद बंदरचा नलवडे म्हणतो, झोपेत खांदा अवघडला.
हात छातीच्या वर जात नाही. आतली दोरी
कधीच तुटलीय, साखरेच्या कुठल्या पोत्याखाली, त्यालाच माहीत.
पण तसं लिहिलं तर टोळीतली जागा जाईल.
"झोपेतच लिवा," म्हणतो.

नायगावच्या मैदानातलं एक पोरगं तेवढं खरं सांगायचं.
पाय मातीत रुतला, अंग वळलं, गुडघा वळला नाही,
आत कट्कन वाजलं.
चारदा सांगितलं, हसत,
कारण पडता पडता त्यानं रेघ शिवली होती.

गुरुवार होता. जेवणाच्या सुट्टीला दहा मिनिटं.
शिवडीहून आलेली बाई, नाव सांगणार नाही.
"मोरीत घसरली," सोबतचा माणूस म्हणाला,
तिनं तोंड उघडायच्या आत.

मी फिल्म उजेडावर धरली.
घसरणारं माणूस तळहात टेकतं.
मोडतं ते मनगटाशी, आणि हात
काट्याच्या चमच्यासारखा वाकतो. शेकड्यांनी बांधलेत मी तसे.
इथे मनगट शाबूत. कोपर शाबूत.
मधोमध, करंगळीच्या बाजूचं एकटं हाड,
आडवं, सरळ, पट्टीनं रेघ मारल्यासारखं.
असं कोण पडतं?
असं पडत नाही कुणी. असा
हात डोक्यावर आडवा धरतात.

"पट्ट्या संपल्यात," मी त्या माणसाला म्हटलं,
"रस्त्यापलीकडच्या दुकानातनं चार घेऊन या,
सहा इंची. पावती घ्या."
कपाटात चाळीस होत्या.

तो जिना उतरला तशी मी डॉक्टर दिवेकरबाईंना बोलावलं.
काही बोललो नाही. फिल्मवर नुसतं बोट ठेवलं.
त्यांनी पेन काढलं, "घसरून पडली" वर रेघ मारली,
पुढे काही लिहिलं नाही.
स्टूल ओढलं, बाईच्या समोर बसल्या.
मी नळ सोडला, बादली भरायला,
लागतो त्याहून मोठा.

माझ्या आईचा डावा हात
कोपराच्या पुढे जरासा बाक खाल्लेला होता.
भाकरी थापताना कळायचं.
आम्ही पोरं समजायचो, काहींचा असतो तसा.
ती म्हणायची, पायरीवरून पडले.
आमच्या घराला पायरी नव्हती,
हे मला या नोकरीत दहा वर्षं झाल्यावर आठवलं.

सहा आठवड्यांनी बाई आली, एकटी.
करवतीला ती घाबरली, सगळेच घाबरतात.
"हिनं कातडी कापत नाही," म्हटलं आणि माझ्या तळव्यावर लावून दाखवली.
प्लास्टर उघडलं. हात बारीक झालेला,
कोंडा धरलेला, कुणा दुसऱ्याचा असावा तसा.
तिनं मूठ वळून बघितली. पुन्हा वळली.
"कुठे राहता आता?" मी विचारलं.
"बहिणीकडे," म्हणाली. "तिसरा मजला."
आणि जरा थांबून,
"जिना चांगला आहे."

माझाही उजवा खांदा हल्ली रात्री ठणकतो.
माणसं उचलून टेबलावर घ्यायची, एकतीस वर्षं.
फिजिओवाल्या पोरीनं विचारलं, मामा, कशानं?
वयानं, मी म्हटलं.
तिनं लिहून घेतलं.